भावी शिक्षकांचा मोबाईल

बी.एड. किंवा डी.एल.एड. करणाऱ्या छात्राध्यापकाला एकाच वेळी दोन अभ्यास करावे लागतात. एक मानसशास्त्र, मूल्यमापन अशा विषयांच्या लेखी परीक्षेचा, दुसरा वर्गात उभे राहून शिकवण्याचा. बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या काटेवाडीसारख्या गावातून एसटीने ये-जा करून शिकणाऱ्यासाठी या दोन्ही अभ्यासांचे हाताशी असलेले साधन म्हणजे मोबाईल. घरी संगणक असतोच असे नाही.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या नियमांनुसार २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले. माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान हा त्यात रीतसर अभ्यासघटक आहे आणि शाळेतला अनुभव वीस आठवड्यांचा. लेखी अभ्यासाची बाजू सोपी आहे. व्हॉट्सअॅप ग्रुपवर नोट्स येतात, यूट्यूबवर शिक्षक पात्रता परीक्षेची (टीईटी) तयारी होते, ‘स्वयम्’ या ऑनलाइन मंचावर मोफत अभ्यासक्रम मिळतात आणि मराठी विश्वकोशाच्या नोंदीही मोबाईलवर वाचता येतात.

खरी परीक्षा पाठाच्या लेखी नियोजनात, म्हणजे पाठ टाचणात होते. तयार टाचणे इंटरनेटवर हवी तेवढी मिळतात. आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने ती मिनिटभरात लिहूनही देतात. अशा टाचणात ‘पूर्वज्ञान’ या रकान्यात ‘विद्यार्थ्यांनी समुद्रकिनारा पाहिलेला आहे’ असे वाक्य असेल आणि ते तसेच इंदापूर तालुक्यातल्या पाचवीच्या वर्गात गेले, तर पहिल्याच प्रश्नाला वर्ग गप्प बसतो. समोरची मुले उजनी धरणाचे पाणी, ऊस आणि पालखी ओळखतात. उतरवलेले टाचण शिकवणाऱ्याला त्याच्या मुलांपासूनच तोडते, म्हणून हा डिजिटल माध्यमाचा सर्वांत वाईट उपयोग.

सर्वांत चांगला उपयोग सूक्ष्म अध्यापनात होतो. एका वेळी एकच कौशल्य घ्यायचे, उदाहरणार्थ प्रश्न विचारणे, आणि थोड्याच सहाध्यायांपुढे शिकवायचे. भारतात रूढ झालेले त्याचे चक्र छत्तीस मिनिटांचे आहे: सहा मिनिटे पाठ, सहा मिनिटे प्रत्याभरण (अभिप्राय), बारा मिनिटे पुनर्नियोजन, मग सहा मिनिटे पुनर्पाठ आणि सहा मिनिटे पुन्हा प्रत्याभरण. हे तंत्र १९६३ च्या सुमारास अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात विकसित झाले, तेव्हापासून पाठाचे चित्रीकरण त्याच्याशी जोडलेले आहे. आपल्याकडे कॅमेरा परवडणारा नव्हता, त्यामुळे सगळा भार निरीक्षण तक्त्यावर पडला. आता बाकावर पुस्तकांच्या आधाराने उभा केलेला मोबाईल चित्रीकरणाचे काम करतो. प्रश्न विचारल्यावर आपण दोन सेकंदही थांबत नाही, उत्तर स्वतःच देऊन टाकतो, फळ्याकडे तोंड करून बोलतो, हे मार्गदर्शकांनी दहा वेळा सांगूनही पटत नाही; चित्रफितीत एकदा दिसले की लगेच पटते.

तिसरा उपयोग स्वतः साहित्य तयार करण्याचा. पूर्वी हे काम संस्थांकडे असे: पुण्यात १९८४ मध्ये सुरू झालेली बालचित्रवाणी शाळांसाठी दूरचित्रवाणी कार्यक्रम बनवत असे. २०१७ मध्ये ती बंद झाली. त्याच वर्षी शिक्षकदिनी केंद्राचा ‘दीक्षा’ मंच सुरू झाला. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की त्या पाठाचे साहित्य आता तिथे उघडते. इंदापूरला लागून असलेल्या सोलापूर जिल्ह्यात, परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत, रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याचा प्रयोग आधीच केला होता. २०२० चा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ त्यांना मिळाला, हे छात्राध्यापकांना वारंवार सांगण्याजोगे आहे. कारण ते काम मोठ्या स्टुडिओत नव्हे, खेड्यातल्या शाळेत उभे राहिले.

काटेवाडीत तुकाराम महाराजांच्या पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. त्याची दोन मिनिटांची चित्रफीत आणि गावातल्या मेंढपाळाचा आवाज एवढ्यावर परिसर अभ्यासाचा एक सुंदर पाठ उभा राहू शकतो. असा पाठ कुठल्याही तयार संचात मिळणार नाही. मात्र वर्गातल्या मुलांचे चित्रीकरण करायचे तर शाळेची आणि पालकांची परवानगी आधी घ्यावी, आणि ते ग्रुपवर पाठवू नये.

अध्यापक महाविद्यालयांनी एवढे तरी करावे: सुबक उतरवलेल्या टाचणांच्या वहीपेक्षा छात्राध्यापकाने पहिल्या आणि दुसऱ्या पाठाच्या चित्रफिती पाहून स्वतःत काय बदल केला, याला अधिक गुण द्यावेत.