घरच्या पातेल्यात चिकोची पेल एल

कॅलिफोर्नियातल्या जवळजवळ प्रत्येक किराणा दुकानात हिरव्या लेबलची एक बाटली दिसते, सिएरा नेवाडा पेल एल. ग्लासात ओतली की तांबूस-सोनेरी रंग दिसतो. आधी पपनसाच्या सालीचा वास येतो, मग माल्टचा हलका गोडवा जाणवतो आणि शेवटी जिभेवर एक स्वच्छ कडूपणा रेंगाळतो. मी मूळची साताऱ्याची, आता सॅक्रामेंटोत राहते आणि पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. ही बिअर जिथे बनते ते चिको गाव आमच्या उत्तरेला, गाडीने दीडेक तासावर आहे. माझ्या गॅरेजमध्ये मी याच बिअरची नक्कल करते, आणि ती जितकी जमेल तितकी हुबेहूब व्हावी असा माझा आग्रह असतो.

नक्कल हा शब्द आपल्याकडे कमीपणाने वापरला जातो. मला मात्र चव ओळखायला नकलेनेच शिकवलं. आपली स्वतःची पाककृती कशीही झाली तरी 'मला असंच हवं होतं' असं म्हणता येतं. समोर मूळ बाटली असली की ही पळवाट उरत नाही. रंग गडद का आला, गोडवा जास्त का राहिला, वास मंद का पडला, या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर शोधावंच लागतं. आणि बिअरमध्ये ते सापडतं, कारण तिच्या प्रत्येक चवीमागे एक कारण असतं.

या बिअरचा जन्मही घरगुती बिअरच्या छंदातून झाला. केन ग्रॉसमन या तरुणाने 1976 मध्ये चिकोत घरगुती बिअरच्या सामानाचं दुकान काढलं. गंमत अशी की त्या वेळी अमेरिकेत घरी वाइन बनवायला मुभा होती, बिअर बनवायला नव्हती. 1933 मध्ये दारूबंदी उठली तेव्हा कायद्यात बिअर राहून गेली होती. ही उणीव 1978 मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने भरून निघाली. ग्रॉसमन यांनी दुग्धशाळांची जुनी भांडी जमवून कारखाना उभारला आणि 1980 मध्ये तिथे पहिली बिअर शिजली. पेल एलचे सुरुवातीचे घाणे चवीला सारखे येईनात, म्हणून त्यांनी ते चक्क ओतून दिले. हातात पैसे नसताना असं करायला छाती लागते.

नकलेची सुरुवात होते बाटली वाचण्यापासून. लेबलवर मद्यार्काचं प्रमाण 5.6 टक्के छापलेलं असतं. कडूपणा 38 एकक असल्याचं कंपनीच सांगते. एक एकक म्हणजे ढोबळमानाने लिटरमागे एक मिलिग्रॅम कडू द्रव्य. पुढचं काम हायड्रोमीटरचं. बिअर या भांड्यातून त्या भांड्यात ओतत तिच्यातला वायू घालवायचा आणि घनता मोजायची. ती 1.011 च्या आसपास भरते. आंबण्यापूर्वीच्या आणि नंतरच्या घनतेतल्या फरकाला 131 ने गुणलं की मद्यार्काची टक्केवारी मिळते. हे गणित उलटं मांडलं की आंबण्यापूर्वीची घनता 1.053 ते 1.054 असणार हे कळतं. किती धान्य भिजवायचं, ते या एका आकड्यावरून ठरतं.

माझं 20 लिटरचं प्रमाण असं आहे: साडेचार किलो फिका माल्ट आणि 400 ग्रॅम कॅरॅमल माल्ट. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं बार्ली, आपलं जव. कॅरॅमल माल्टमधली साखर भाजताना दाण्याच्या आतच घट्ट होते. बिअरचा तांबूसपणा आणि मागे राहणारा गोडवा तिच्यामुळे येतो. भरडलेलं धान्य 66 ते 67 अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवायचं. मोड येताना दाण्यात तयार झालेली विकरं त्या पाण्यात पिठाची साखर करतात. पाणी दोन-तीन अंशांनी थंड असेल तर पुढे रस आंबवणाऱ्या यीस्टला सहज खाता येईल अशी साखर जास्त होते आणि बिअर कोरडी लागते. पाणी गरम असेल तर उलट घडतं, बिअर जाडसर आणि गोड होते. म्हणून त्या तासाभरात मी थर्मामीटरजवळून हलत नाही.

गाळलेला गोड रस तासभर उकळताना त्यात हॉप्स पडतात. हॉप्स हे एका वेलीचे हिरवे, कागदी पाकळ्यांचे तुरे. त्यांच्यातलं आम्ल दीर्घ उकळीत रूप बदलतं तेव्हा कडूपणा येतो, पण तेवढ्या वेळात सुगंधी तेलं उडून जातात. त्यामुळे हॉप्स एकदम न घालता वेगवेगळ्या वेळी वाटून घालतात. मी उकळीच्या सुरुवातीला 15 ग्रॅम मॅग्नम घालते, अर्धा तास राहिला की 15 ग्रॅम पर्ल, दहा मिनिटं राहिली की 30 ग्रॅम कॅस्केड, आणि आच बंद करताना आणखी 50 ग्रॅम कॅस्केड. या बिअरचा पपनसाचा वास कॅस्केडचाच आहे. ओरेगनमधल्या सरकारी संशोधन केंद्रात संकर करून घडवलेलं हे वाण 1972 मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आलं. युरोपातल्या जुन्या वाणांपेक्षा त्याचा वास इतका वेगळा होता की काही मोठे कारखाने बिचकले. चिकोसारख्या छोट्या कारखान्यांनी मात्र तो वास लपवला नाही, उलट पुढे आणला. आज जगभर अमेरिकन पेल एल म्हणून जी बिअर ओळखली जाते तिची चव या निर्णयातून घडली.

पाण्याबद्दल मी थोडं जास्त बोलणार, कारण ते माझं रोजचं काम आहे. ग्लासातला नव्वद टक्क्यांहून जास्त भाग पाण्याचा असतो, तरी नवखे लोक सगळ्यात कमी विचार त्याचाच करतात. पाण्यात सल्फेट जास्त असेल तर हॉप्सचा कडूपणा धारदार लागतो. क्लोराइड जास्त असेल तर माल्टचा गोडवा पुढे येतो. चिमूटभर जिप्समने हा तोल बदलतो. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन ही त्याहून मोठी अडचण. माल्ट आणि यीस्टमधून आलेल्या फिनॉलशी त्याचा संयोग झाला की बिअरला दवाखान्यासारखा वास येतो, आणि तो वास अगदी अल्प प्रमाणातही नाकाला जाणवतो. कित्येक गावांत क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरतात, ते साध्या उकळीने सहजी जात नाही. पोटॅशियम मेटाबायसल्फाइट चिमटीपेक्षाही कमी घातलं तरी काही मिनिटांत दोन्हींचा बंदोबस्त होतो. घरच्या बिअरला 'काहीतरी औषधासारखं' लागतं अशी तक्रार घेऊन कुणी आलं की मी आधी पाण्याबद्दल विचारते.

उकळलेला रस गार झाला की तो आंबवायचं काम यीस्टचं, आणि इथे या बिअरने नक्कल करणाऱ्यावर एक मेहेरबानी केली आहे. तिच्यातला फेस बाटलीतच तयार होतो, त्यामुळे तळाशी जिवंत यीस्टचा पातळ थर असतो. म्हणजे मूळ बिअर ज्याने आंबवली तोच जीव दुकानातून घरी आणता येतो. बाटली काही दिवस फ्रिजमध्ये उभी ठेवायची, वरची बिअर अलगद ओतून घ्यायची आणि तळाच्या गाळात उकळून गार केलेला पातळ माल्टचा रस घालायचा. वाटीभर दह्याच्या विरजणाने जसं पातेलंभर दूध विरजतं, तसं हे यीस्ट टप्प्याटप्प्याने वाढवत नेता येतं. एवढा खटाटोप नको असेल तर दुकानात 1056, 001 किंवा यूएस-05 या क्रमांकांनी मिळणारं यीस्ट याच कुळातलं आहे. घरगुती बिअरवाले त्याला सरळ 'चिको' म्हणतात. ते 18 ते 20 अंशांना स्वच्छ आंबवतं, स्वतःची चव लादत नाही, आणि त्यामुळे कॅस्केडला पुढे यायला वाव मिळतो. उष्णता वाढली की तेच यीस्ट फळांसारखे वास सोडू लागतं. शिवाय आंबताना रस स्वतःच तापतो, म्हणून मोजायचं ते भांड्यातलं तापमान, खोलीतलं नव्हे. सॅक्रामेंटोचा उन्हाळा चाळीस अंशांवर जातो. माझं पिंप तेव्हा तापमान नियंत्रक जोडलेल्या जुन्या फ्रिजमध्ये असतं.

दोनेक आठवड्यांनी आंबणं थांबतं. तीन दिवसांच्या अंतराने घेतलेले घनतेचे दोन आकडे सारखे आले तरच बाटल्या भरायच्या. साखर शिल्लक असताना भरल्या तर काच फुटू शकते, इथे घाई धोक्याची आहे. वीस लिटरला सुमारे 125 ग्रॅम साखर पाण्यात उकळून मिसळायची. ती खाऊन यीस्ट बंद बाटलीत वायू तयार करतं. बाटल्या तपकिरीच घ्याव्यात, कारण उजेडाने हॉप्समधली द्रव्यं बिघडून उग्र दर्प येतो.

मग येते परीक्षा. तीन सारखे ग्लास घ्यायचे, दोनांत एक बिअर आणि तिसऱ्यात दुसरी, आणि चाखणाऱ्याने वेगळा ग्लास ओळखायचा. विकतची बाटली ताजी हवी, कारण हॉप्सचा वास महिन्यागणिक उतरतो. फरक ओळखता आला तर त्याचं वर्णन करायला लावायचं. नक्कल गोड लागली तर पुढच्या वेळी धान्य भिजवण्याचं तापमान एका अंशाने कमी करायचं. वास मंद वाटला तर हॉप्स कोणत्या हंगामाचे आहेत ते बघायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे कारण निसटत नाही.

साताऱ्याहून आई फोनवर विचारते, "अगं, दुकानात मिळते ना ती? मग एवढा खटाटोप कशाला?" मी तिला सांगते की विकत आणलेली बिअर मी आवडीने प्यायचे, पण ती मला कळत नव्हती. आता घोट घेतला की मला 66 अंशांचं पाणी कळतं, उकळीची शेवटची दहा मिनिटं कळतात. आणि सगळ्यात जास्त कळतं ते सारखेपणाचं मोल. एक घाणा छान होणं वेगळं. शेतात दर हंगामाला बदलणारं धान्य आणि हॉप्स घेऊन दर खेपेला तीच चव देणं हे फार मोठं कसब आहे. ग्रॉसमन यांनी ओतून दिलेले ते घाणे मला आता समजतात.

कायद्याचं मात्र स्पष्ट सांगायला हवं. अमेरिकेत प्रौढ माणसाला वर्षाला 100 गॅलन, दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला 200 गॅलन, म्हणजे सुमारे 757 लिटर बिअर स्वतःसाठी करता येते. विकायला परवानगी नाही. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे. तेव्हा हा लेख तिथल्या वाचकांनी ग्लासातली बिअर समजून घेण्यासाठी वाचावा.

अशी नक्कल करणं ही चोरी आहे का, असंही लोक विचारतात. नाव आणि लेबल कंपनीचं, ते कुणी वापरू नये. पण पाककृती वाटण्याची या व्यवसायातली रीत मोठ्या मनाची आहे. स्कॉटलंडच्या ब्रूडॉगने 2016 मध्ये आपल्या सगळ्या बिअरच्या कृती जाहीर केल्या. नोव्हेंबर 2018 मध्ये चिकोशेजारचं पॅराडाइज गाव वणव्यात जळालं. 85 माणसं गेली, धूर आमच्या सॅक्रामेंटोपर्यंत आला. तेव्हा सिएरा नेवाडाने रेझिलियन्स नावाच्या, आयपीए प्रकारच्या बिअरची कृती इतर कारखान्यांना खुली केली आणि विक्रीचे पैसे मदतीला द्यायचं आवाहन केलं. 1,400 हून अधिक कारखान्यांनी ती एकच बिअर बनवली. इतक्या लोकांनी एकच कृती उचलल्याने सिएरा नेवाडाचं काही कमी झालं नाही, पॅराडाइजला मात्र आधार मिळाला.

म्हणून जिथे कायदा परवानगी देतो तिथे सुरुवात करणाऱ्याला मी एकच सांगते. पहिल्याच खेपेला नवं काही शोधायला जाऊ नका. आपली आवडती बिअर निवडा, ती मोजा, तिच्याजवळ जा, आणि पातेल्यात काय कशामुळे घडतं ते हाताला कळेपर्यंत तिथेच थांबा. स्वतःची कृती त्यानंतर करा. तेव्हा ती अंदाजाने नव्हे, समजून केलेली असेल.