बोटी रंगवणारा चित्रकार

दारं-खिडक्या रंगवणाऱ्याला आपण रंगारी म्हणतो आणि चित्रं काढणाऱ्याला कलावंत. दोघांच्या हाती कुंचलाच असतो, पण आपण त्यांना एका पंगतीला बसवत नाही. ब्राझीलचे जोझे पांचेत्ती या दोन्ही पंगतींत बसले.

त्यांचा जन्म १९०२ मध्ये काम्पिनास शहरात झाला. आईवडील इटलीहून पोटासाठी आलेले. घरची ओढाताण, म्हणून अकरा वर्षांच्या जोझेला इटलीत नातेवाइकांकडे पाठवण्यात आलं. तिथे त्यांनी सुताराच्या हाताखाली काम केलं, कारखान्यांत राबले आणि पुढे व्यापारी जहाजावर खलाशी झाले. १९२० मध्ये ते ब्राझीलला परतले. मिळेल ते काम केलं आणि १९२२ मध्ये नौदलात भरती झाले.

लोखंडी जहाजाला खारी हवा सतत खात असते. गंज खरवडायचा, अस्तर द्यायचं, वर रंगाचा हात मारायचा. एक टोक पुरं होईतो दुसरं गंजू लागतं. हे रंगकाम पांचेत्तींच्या वाट्याला आलं. नोकरी सांभाळून ते बोटींची आणि बंदरांची चित्रंही काढू लागले.

१९३३ मध्ये, म्हणजे तिशी उलटल्यावर, ते रिओतल्या 'नुक्लेओ बेर्नार्देल्ली' या मंडळात गेले. सरकारी कलाशाळेच्या साचेबंद शिक्षणाला कंटाळलेल्या चित्रकारांनी ते १९३१ मध्ये काढलं होतं. तिथे पोलंडहून आलेले ब्रुनो लेखोव्स्की त्यांना मार्गदर्शक लाभले.

१९४१ च्या राष्ट्रीय प्रदर्शनात पांचेत्तींना परदेश प्रवासाचं पारितोषिक मिळालं. लहानपणी गरिबीनं महासागर ओलांडायला लावला होता. आता कलेसाठी जाण्याची संधी आली होती. पण युरोपात युद्ध पेटलेलं, आणि त्यांना स्वतःला क्षयानं गाठलेलं. तो प्रवास राहूनच गेला. क्षयावर तेव्हा खात्रीचं औषध नव्हतं. मोकळी हवा आणि विश्रांती यांवरच भिस्त. म्हणून ते काम्पोस दो जोर्दाओ या डोंगरावरच्या गावी जाऊन राहिले. तिथेही त्यांनी कुंचला खाली ठेवला नाही. १९४६ मध्ये नौदलातून निवृत्त झाले.

१९५० च्या सुमारास ते बाहिया प्रांतात आले आणि चित्रांत ऊन उतरलं. साल्वादोरजवळ आबाएते नावाचं तळं आहे. पाणी काळसर, भोवती पांढरीशुभ्र वाळू. तिथे धुणं धुणाऱ्या बायका आणि वाळूवर पसरलेले रंगीत कपडे त्यांनी पुन्हापुन्हा रंगवले. त्यांच्या समुद्रचित्रांत फारसा तपशील नसतो. वाळूचा एक रुंद पट्टा, पाण्याचा दुसरा, आभाळाचा तिसरा. माणसं असलीच तर अगदी थोडी. पण एकेका पट्ट्यात रंगाच्या किती छटा असतात ते निरखून पाहावं. बोटीचा पत्रा वर्षानुवर्षं रंगवलेल्या हाताची ती नजर आहे.

१९५८ मध्ये रिओत त्यांचं निधन झालं. ब्राझीलच्या मोठ्या समुद्रचित्रकारांत आज त्यांचं नाव घेतलं जातं. रंगाऱ्याचं काम त्यांना कधी आड आलं नाही; उलट तीच त्यांची पहिली शाळा ठरली.