हृदयाचे औषध आणि गळ्यातली गाठ

गळ्याच्या पुढच्या बाजूस, श्वासनलिकेला बिलगून, फुलपाखराच्या आकाराची थायरॉइड ग्रंथी असते. तिच्यात होणाऱ्या बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात, थोड्या कर्करोगाच्या निघतात. काही गाठी मात्र पीयूषिका ग्रंथीचा हुकूम न जुमानता स्वतःच थायरॉइड संप्रेरके तयार करत सुटतात. मग रुग्णाची छाती धडधडते, हात थरथरतात, वजन उतरते.

अशा वेळी डॉक्टर बहुधा प्रोप्रॅनोलॉल हे बीटा ब्लॉकर गटातले औषध देतात. ते मुळात हृदयशूळासाठी १९६०च्या दशकात जेम्स ब्लॅक यांनी शोधले. त्यांना १९८८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हृदयाच्या पेशींवर ॲड्रेनॅलिनला जागा देणारी काही प्रथिने असतात. त्यांना बीटा ग्राही म्हणतात. प्रोप्रॅनोलॉल ती जागा आधीच अडवून बसते. थायरॉइड संप्रेरके वाढली की हृदयावरील बीटा ग्राहींची संख्याही वाढते. म्हणून रक्तात ॲड्रेनॅलिन नेहमीइतकेच असूनही नाडी धावते. गोळीने ती ताळ्यावर येते. आणि गाठ? ती जिथल्या तिथे असते, संप्रेरकेही बनवतच असते. रुग्णाला बरे वाटते, आणि इथेच फसगत होते.

मग हे औषध गाठीवरच चालेल, ही कल्पना आली कोठून? फ्रान्समधील बोर्दो येथे एका बाळाच्या नाकावर रक्तवाहिन्यांची लालभडक गाठ होती. तिच्यावरील स्टेरॉइडच्या उपचारात हृदयविकार उद्भवला, म्हणून प्रोप्रॅनोलॉल दिले. दुसऱ्याच दिवशी गाठीचा रंग पालटला, ती मऊ पडली! हे निरीक्षण २००८ साली प्रसिद्ध झाले, आणि २०१४ मध्ये अमेरिकेत अशा गाठींसाठी या औषधाला मान्यता मिळाली.

साहजिकच कर्करोगाच्या पेशींवरही ते आजमावले जाऊ लागले. शांघायच्या संशोधकांनी २०१६ मध्ये थायरॉइड कर्करोगाच्या पेशींवर प्रयोग केले. व्हेमुराफेनिब या कर्करोगावरील औषधाला प्रोप्रॅनोलॉलची जोड दिल्यावर त्याचा मारा वाढलेला दिसला.

वर्गात हा विषय निघालाच, तर एक आकडा जरूर सांगावा असे आम्हाला वाटते. नेहमीच्या मात्रेनंतर रुग्णाच्या रक्तात प्रोप्रॅनोलॉलचे प्रमाण साधारणपणे एक मायक्रोमोलरपेक्षाही कमी असते. काचेच्या बशीतील पेशींवर मात्र बहुधा त्याच्या कितीतरी पट, दहापट काय शंभरपटही, औषध ओतलेले असते. तेवढे रक्तात उतरवायचे, तर गाठीआधी हृदयच थांबायचे. शिवाय बाळाची ती गाठ रक्तवाहिन्यांची होती, थायरॉइडच्या पेशींची नव्हे.

त्यामुळे थायरॉइडच्या कर्करोगावर आजही मुख्य उपचार शस्त्रक्रियेचा आणि काही रुग्णांत त्यानंतर किरणोत्सारी आयोडीनचा. संप्रेरके सोडणाऱ्या गाठीवरही हेच दोन मार्ग आहेत, आणि तोपर्यंत नाडी आवरून धरणे हे प्रोप्रॅनोलॉलचे काम. दम्याच्या रुग्णाला मात्र ते सहसा देत नाहीत, कारण बीटा ग्राही श्वासनलिकांवरही असतात.