निरोप पोहोंचला काय ?

पंचगंगेच्या कांठचें कसबा बावडा हें गांव आतां कोल्हापूर शहराशीं एकजीव झालें आहे. गळिताच्या हंगामांत येथील श्री छत्रपती राजाराम सहकारी साखर कारखान्याकडे उसाच्या गाड्यांची रीघ लागते; आणि १९८४ सालीं निघालेल्या डी. वाय. पाटील अभियांत्रिकी महाविद्यालयाकडे तरुण मुलामुलींची. आमचा पुतण्या याच वाटेनें चार वर्षें गेला. पदवी चांगल्या गुणांनीं मिळाली, परगांवीं नोकरीही लागली. आणि सहाच महिन्यांत तो राजीनाम्याचा मसुदा खिशांत घालून घरीं आला. त्याची हकीकत आम्ही येथें देत आहों, कारण अशीं मुलें आज पुष्कळ घरांत आहेत.

कारखान्याचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. झालें तें असें. त्याच्याकडे आलेल्या एका नव्या ड्रॉइंगमध्यें एका भोंकाचें माप ४२ मिलिमीटर दिलें होतें. आधींच्या प्रतींत तें २४ होतें. आंकड्यांची अदलाबदल झाली असावी ही त्याची शंका रास्त होती. त्यानें वरिष्ठांना ई-मेल धाडला. परंतु तो कसा ? आरंभीं क्षमायाचना, मग आपण नवखे असल्याची कबुली, मग दिवसभराच्या कामाचा वृत्तांत, आणि अगदीं शेवटीं, 'मापाबाबत किंचित् खुलासा झाल्यास बरें होईल,' एवढें एकच वाक्य. वरिष्ठांनीं वरच्या दोन ओळी वाचून पत्र बाजूस ठेवलें. हा त्यांच्या दारापर्यंत दोनदां गेला, आंत कोणी बसलें आहे असें पाहून परतला. दुसऱ्या दिवशीं चाळीस नग भंगारांत गेले. सर्वांसमक्ष बोलणीं बसलीं, आणि हें काम आपल्याच्यानें होणार नाहीं असें त्यानें मनाशीं ठरविलें.

घरांत दोन तट पडले. कोणी म्हणालें, इंग्रजी कच्चें, शिकवणी लावा. कोणी म्हणालें, मुलगा भिडस्त; त्याला शिक्षकाचीच नोकरी बरी. आमचे तीर्थरूप मात्र हंसले. ते रेल्वेंत स्टेशनमास्तर होते. "अरे," ते नातवाला म्हणाले, "एकेरी मार्गावर समोरासमोर दोन गाड्या येऊं नयेत म्हणून आम्ही शेजारच्या स्टेशनाला लाइन मोकळी आहे काय, हें विचारीत असूं. तेथें क्षमा मागावयाची नाहीं कीं प्रस्तावना करावयाची नाहीं. गाडी कोणती तें सांगावयाचें, पलीकडच्यानें तें परत म्हणून दाखवावयाचें आणि दोन आंकडी खाजगी नंबर द्यावयाचा. तो नंबर वहींत उतरल्याखेरीज गाडी सोडावयाची नाहीं. निरोप धाडला म्हणजे पोहोंचला असें नव्हे, बाबा !"

"पण आजोबा, वरिष्ठांना असें तोंडावर कसें सांगावयाचें ?" मुलानें विचारलें.

या प्रश्नांत सारें मर्म आहे. उणीव इंग्रजीची नव्हती. तोच मजकूर त्यानें मराठींतही तसाच लिहिला असता. वडिलांपुढें गप्प बसणें, नको असलेली गोष्ट आडवळणानें सुचविणें, हें आपण मुलांना विनय म्हणून शिकवितों. घरांत तें चालतें, कारण आईला न बोललेलेंही कळतें. कचेरींत आई नसते.

याचा अर्थ उद्धटपणा शिकावा असा नव्हे. आपलीं जुनीं मोडी पत्रें पाहावीं. मायन्यांत आदर पुरेपूर. परंतु तो ठराविक शब्दांत उरकून 'विनंति विशेष' म्हणतांच मजकूर सुरू. राजपत्राच्या अखेरीस 'मर्यादेयं विराजते' ही मुद्रा, म्हणजे पुढें कोणी कांहीं घुसडूं नये. आदराची जागा निराळी आणि कामाची जागा निराळी, हें आपल्या चिटणीसांना ठाऊक होतें.

गप्प बसण्याची किंमत चाळीस नगांवरच थांबते असें नाहीं. २७ मार्च १९७७ रोजीं टेनेरीफ बेटावरील विमानतळावर दाट धुक्यांत दोन प्रवासी विमानें धावपट्टीवर एकमेकांवर आदळून ५८३ माणसें मेलीं. उड्डाणाची परवानगी मिळाली नसतां एका विमानाचे कप्तान निघाले होते. त्यांच्या हाताखालच्या फ्लाइट इंजिनियरनें, दुसरें विमान धावपट्टीवरून दूर झालें नाहीं काय, अशी शंका काढली होती. कप्तानांनीं ती ठामपणें उडवून लावली आणि तो पुढें बोलला नाहीं. या अपघातानंतर वैमानिकांच्या शिक्षणांत दोन गोष्टींवर भर आला : ठराविक शब्दांतच बोलावें, आणि कनिष्ठानें शंका स्पष्ट सांगावी व वरिष्ठानें ती ऐकावी.

त्या रात्रीं आजोबांनीं नातवाकडून तेंच पत्र पुन्हां लिहून घेतलें. तें असें झालें : "सा. न. नव्या ड्रॉइंगमध्यें भोंकाचें माप ४२ आहे, जुन्यांत २४. काम थांबविलें आहे. कोणतें धरावें हें आज दुपारीं तीनपर्यंत कळवावें. तोंवर मी दुसरें काम घेतों." चार वाक्यें. काय घडलें, आपण काय केलें, समोरच्यानें काय करावें आणि केव्हांपर्यंत, हें सर्व त्यांत आलें. शिवाय आजोबांनीं बजावलें, कीं उत्तर न आल्यास उठून जावें, आंत कोणी बसलें असलें तरी "एक मिनिट, काम अडलें आहे," म्हणावें, आणि मिळालेली आज्ञा तेथेंच परत म्हणून दाखवावी.

मुलगा सोमवारीं कामावर परत गेला. अजूनही दारापाशीं त्याचे पाय घुटमळतात, असें तो सांगतो; पण तो आंत जातो.

आमच्या वाचकांस एवढेंच सुचवावयाचें आहे, कीं ही विद्या कॉलेजांतील तासावर सोंपवून भागणार नाहीं. रात्रीं पंगतीस बसल्यावर घरांतील धाकट्यांना दिवसाची एक तरी अडलेली गोष्ट दोन वाक्यांत सांगूं द्यावी, आणि वडीलधाऱ्यांनीं ती मध्यें न तोडतां ऐकून, "तूं असें म्हणतोस ना ?" म्हणून परत विचारावी. आमच्याकडे हा पाठ सुरू झाला आहे. पहिल्याच आठवड्यांत धाकट्या मुलीनें आमचीच एक चूक पंगतींत स्पष्ट सांगितली. क्षणभर राग आला, हें कबूल करतों. मग आम्ही ती परत म्हणून दाखविली.