तोल मोटारीच्या हवाली

सायकलची साखळी निसटली तर सायकल थोडी पुढे जाते आणि थांबते. स्कूटरचं पेट्रोल संपलं तर माणूस शिव्या घालत ती पंपापर्यंत ढकलत नेतो. स्वतःचा तोल सांभाळणाऱ्या विजेच्या बोर्डांचं तसं नाही. त्यांची मोटार अर्धा सेकंद जरी कमी पडली, तरी वरचा माणूस तोंडावर आपटतो. कारण ती मोटार त्याला नुसती पुढे नेत नसते, उभंही तीच धरून असते. सेगवे, होव्हरबोर्ड आणि वनव्हील या तिन्ही वाहनांचा २००१ पासूनचा इतिहास चाळला, तर बातम्या आगींच्या जास्त सापडतात. हाडं मात्र पडण्यानेच जास्त मोडली आहेत.

सुरुवात सेगवेपासून. डीन केमन या अमेरिकी संशोधकाने ३ डिसेंबर २००१ रोजी ते दूरचित्रवाणीवर लोकांपुढे आणलं, तेव्हा शहरांची रचनाच बदलेल अशी भाषा चालली होती. तत्त्व मात्र जुनंच. तळहातावर काठी उभी धरायची, आणि ती ज्या बाजूला कलेल त्या बाजूला हात न्यायचा. सेगवेत हे काम जायरोस्कोप आणि मोटारी सेकंदाला कित्येकदा करत. स्वार पुढे कलला की चाकं त्याच्या खाली धावत जाऊन त्याला सावरत, आणि त्या सावरण्यातूनच गाडी पुढे जाई. केमन यांना यातला धोका पुरता ठाऊक होता. तोल सावरणारी व्हीलचेअर त्यांनी आधीच तयार केलेली होती. म्हणून सेगवेत बॅटऱ्या दोन, नियंत्रण करणारे सर्किट बोर्ड दोन, मोटारीत वेटोळ्यांचे दोन संच आणि जायरोस्कोप पाच ठेवले होते. एक भाग दगावला तरी दुसऱ्याने स्वाराला हळूच थांबवून खाली उतरू द्यावं, असा हिशेब. किंमत अर्थातच पाच हजार डॉलरच्या घरात.

तरीही सप्टेंबर २००३ मध्ये तोवर विकलेली सगळी सेगवे परत मागवावी लागली. बॅटरी संपत आलेली असताना स्वाराने एकदम वेग घेतला किंवा चाकाखाली अडथळा आला, तर मोटारीला पुरेशी वीज मिळत नसे आणि माणूस पडे. तिघे पडल्याच्या तक्रारी होत्या. त्यांतल्या एकाच्या डोक्याला टाके पडले होते. उपाय म्हणून सॉफ्टवेअर बदललं गेलं. (परत मागवलेल्या गाड्यांचा आकडा सुमारे ६,००० होता. शहरं बदलायला निघालेल्या कंपनीचा खप किती, हे जगाला त्या दिवशी कळलं.) पुढे २००६ मध्ये आणखी एक दोष निघाला. वेगमर्यादेला पोचल्यावर यंत्र स्वाराला मागे कलवून आवर घालत असे. त्याच क्षणी कुणी उतरून लगेच पुन्हा चढलं, तर चाकं अचानक उलटी फिरत. या वेळी २३,५०० गाड्या परत आल्या. २०१० मध्ये कंपनीचे मालक जिमी हेसल्डन यॉर्कशायरमध्ये सेगवेवरून जाताना कड्यावरून खाली पडून मरण पावले. तो प्रसंग लोकांनी थट्टेचा करून टाकला, पण यंत्र बिघडल्यामुळे ते घडलं असं काही सिद्ध झालेलं नाही.

होव्हरबोर्डची गोष्ट निराळ्याच घाईची. शेन चेन यांनी २०१३ मध्ये ‘होव्हरट्रॅक्स’ नावाने मधोमध वळणारी दुचाकी पाटी लोकवर्गणीतून बाजारात आणायची मोहीम काढली. दोन वर्षांत चीनमधल्या शेनझेन परिसरातले अनेक कारखाने तशीच पाटी बनवू लागले. पेटंट कुणाचं, नाव कुणाचं, याचा पत्ता नाही. तोच बोर्ड एका दुकानात एका नावाने, शेजारच्या दुकानात दुसऱ्या नावाने. सेगवेमध्ये दोन-दोन असलेल्या गोष्टी इथे एकावर आल्या आणि किंमत काहीशे डॉलरवर उतरली. रंगीत दिवे आले, गाणी वाजवायला ब्लूटूथ स्पीकरही आला. काटकसर झाली ती झाकणाच्या आत.

२०१५ च्या नाताळात याचा स्फोट झाला, अक्षरशः. आतल्या पॅकमध्ये साधारण बोटाएवढे वीस लिथियम-आयन सेल. सेलच्या पोटात धन आणि ऋण थरांना वेगळं ठेवणारा एक अगदी पातळ पडदा असतो. सेल हलक्या दर्जाचा असला, चार्जरने वेळेवर वीज तोडली नाही, किंवा पाटी आदळून पडदा फाटला, की आतल्या आत शॉर्टसर्किट होतं. एक सेल तापून शेजारच्याला पेटवतो आणि मग ती साखळी पाणी ओतूनही सहज थांबत नाही. ब्रिटनमध्ये १५ ऑक्टोबरपासून बंदरांवर आणि विमानतळांवर १७,००० हून अधिक बोर्ड तपासले गेले. त्यांतले ८८ टक्के असुरक्षित ठरून अडवले गेले. कित्येक प्लगमध्ये फ्यूजच नव्हता. त्याच महिन्यात ब्रिटिश सरकारी वकिलांनी आठवण करून दिली होती की ही पाटी पदपथावर चालवणं १८३५ च्या महामार्ग कायद्यानुसार गुन्हा आहे. डिसेंबरमध्ये मोठ्या अमेरिकी विमान कंपन्यांनी बोर्ड सामानातून नेण्यावर बंदी घातली.

या सगळ्यात मला सर्वांत बोलकी वाटते ती एक ईमेल. ॲमेझॉनने डिसेंबरमध्ये होव्हरबोर्डची विक्री थांबवली आणि आधी विकत घेतलेल्यांना सुरक्षेची सूचना धाडली. लिथियम बॅटरीच्या अशा उत्पादनांविषयी ‘सुरक्षेच्या अडचणी’ असल्याच्या बातम्या आहेत, एवढंच तीत होतं. आग हा शब्द नाही, स्फोट हा शब्द नाही, आपण विक्री थांबवली आहे याचाही उल्लेख नाही. जानेवारी २०१६ मध्ये टेनेसीत एका घरात ॲमेझॉनवरून घेतलेला होव्हरबोर्ड पेटला आणि घर जळालं. त्या कुटुंबाच्या दाव्यात अपील न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटलं की ॲमेझॉन टेनेसीच्या उत्पादन-दायित्व कायद्याच्या अर्थाने विक्रेता नाही. पण इशारा द्यायचं एकदा अंगावर घेतलं असताना तो नीट दिला की नाही, हा प्रश्न ज्यूरीपुढे जायला हवा, असंही न्यायालयाने नमूद केलं.

अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने फेब्रुवारी २०१६ मध्ये कारखानदार आणि आयातदारांना पत्र लिहिलं. अडीच महिन्यांत २४ राज्यांतून आगीच्या ५२ तक्रारी आल्या होत्या. यूएल २२७२ हे नवं मानक पाळा, नाहीतर माल जप्त होईल, असा त्याचा सूर होता. जुलैमध्ये दहा कंपन्यांचे मिळून ५,०१,००० बोर्ड परत मागवले गेले. विमा कंपन्यांनी आणि मोठ्या दुकानांनीही मानकाचा आग्रह धरला आणि आगी कमी झाल्या, मिटल्या नाहीत. मार्च २०१७ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या हॅरिसबर्गला चार्जिंगला लावलेल्या बोर्डाने घर पेटलं आणि दोन लहान मुली गेल्या. एप्रिल २०२२ मध्ये त्याच राज्यात हेलरटाउनला आणखी दोन बहिणी गेल्या. त्या प्रकरणातल्या कंपनीचे ५३,००० बोर्ड परत मागवले गेले ते मार्च २०२३ मध्ये, म्हणजे जवळजवळ वर्षाने. पुण्याच्या लोहगावात मार्च २०२२ मध्ये भर रस्त्यात उभी असलेली ई-स्कूटर धुराने वेढलेली ज्यांनी पाहिली, त्यांना या आगीचं रूप वेगळं समजावून सांगायला नको.

मात्र यूएल २२७२ काय तपासतं? बॅटरी, चार्जर आणि विजेची जोडणी. पाटी माणसाला नीट तोलून धरते का, किती भरवशाने चालते, हे त्या मानकाच्या कक्षेबाहेर आहे. डब्यावर शिक्का दिसला की आईबापांना वाटतं, खेळणं सुरक्षित. २०१५ आणि २०१६ या दोन वर्षांत अमेरिकेत होव्हरबोर्डमुळे जखमी होऊन तातडीच्या विभागात आलेल्या मुलांची संख्या एका अभ्यासाने सुमारे २६,८०० काढली. सरासरी वय ११, आणि सर्वाधिक इजा मनगटाला. जुलै २०१६ च्या त्या प्रचंड रिकॉलमागे बॅटरी तापल्याच्या तक्रारी ९९ होत्या. आग बातमी होते; मनगटाला प्लॅस्टर घालून घरी जाणारं पोर बातमी होत नाही.

पडण्याचा प्रश्न पुन्हा टेबलावर आला तो वनव्हीलमुळे. कॅलिफोर्नियातल्या फ्यूचर मोशन कंपनीची ही एकाच जाड चाकाची पाटी २०१४ मध्ये आली आणि तिने वेडे चाहते मिळवले. त्यांच्या बोलण्यात दोन शब्द सारखे येतात, ‘पुशबॅक’ आणि ‘नोजडाइव्ह’. मर्यादा जवळ आली की पाटी आपलं नाक वर उचलून स्वाराला मागे ढकलते, तो पुशबॅक. मोटारीचा जोर संपून नाक जमिनीला टेकतं आणि स्वार पुढे फेकला जातो, तो नोजडाइव्ह. गोम अशी की नाक उचलायलाही जोरच लागतो. चढ, समोरचा वारा, वजनदार स्वार, उतरलेली बॅटरी, यांनी शिल्लक आधीच खाल्लेली असते, आणि इशाराही त्याच शिल्लकीतून द्यायचा. शिवाय चढावर नाक वर असणारच. ते रस्त्यामुळे की इशाऱ्यामुळे, हे पायाला कसं कळावं?

नोव्हेंबर २०२२ मध्ये आयोगाने लोकांना वनव्हील वापरू नका असं जाहीरपणे सांगितलं. २०१९ ते २०२१ या काळातले किमान चार मृत्यू नोंदले गेले होते. कंपनीने आधी रिकॉलला नकार दिला. चालवणाऱ्याने मर्यादा ओळखाव्यात अशी तिची बाजू होती. ती अगदीच खोटी नाही, कारण गाडीत बसलेल्या माणसालाही वेग आवरावाच लागतो. पण गाडीचं इंजिन दमलं तर गाडी मंदावते, ड्रायव्हर काचेतून बाहेर फेकला जात नाही. शेवटी सप्टेंबर २०२३ मध्ये ३,००,००० वनव्हील परत मागवले गेले. चारही मृत्यू पडण्यातले, आणि त्यांतल्या तिघांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. नव्या मॉडेलांना सॉफ्टवेअरमधून नवा इशारा मिळाला. मर्यादा जवळ आली की आता पाटी पायाखाली गुरगुरते. अगदी सुरुवातीच्या दोन मॉडेलांना तेवढंही मिळालं नाही. ती वापरणं बंद करून मोडीत काढल्याचं मालकाने कळवायचं, मग नव्या खरेदीत १०० डॉलरची सूट.