आरोप आणि उत्तर

तुळजापूर म्हटलें कीं आपल्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें भवानीचें देऊळ, कल्लोळ तीर्थ आणि नवरात्रांतील गर्दी उभी राहते. परंतु १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटें या गांवानें निराळें दृश्य पाहिलें. सोलापूरकडून निघालेली भारतीय सेना निजामाच्या मुलुखांत शिरली, आणि तुळजापुरांत हैदराबादच्या पायदळाची एक तुकडी व सुमारें दोनशें रझाकार यांनीं तिला दोन तास तोंड दिलें. पांच दिवसांत निजामाची राजवट नमली व मेजर जनरल जयंतोनाथ चौधरी हे संस्थानाचे लष्करी गव्हर्नर झाले. ही हकीकत आपण अभिमानानें सांगतों, व सांगावीच. परंतु लढाई संपल्यावर जो प्रश्न उभा राहिला, त्याची चर्चा आपल्या घरांतून क्वचितच होते. हातीं सांपडलेल्यांत खरा अपराधी कोण आणि नुसता संशयित कोण, हें कसें ठरवावयाचें?

रझाकारांनीं केलेले जुलूम खरे होते. लुटलेलीं गांवें, जाळलेलीं घरें, परागंदा झालेलीं कुटुंबें यांच्या आठवणी मराठवाड्यांत अद्याप ऐकावयास मिळतात. परंतु ज्याचें घर जळालें, त्यास त्या रात्रीपासून पलीकडच्या आळींतला प्रत्येक जण जाळणाराच दिसूं लागतो. १९४८ च्या अखेरीस पंडित सुंदरलाल यांच्या समितीनें संस्थानांत फिरून जो अहवाल दिला, त्यांत सूडाच्या हिंसेनें सर्वाधिक पोळलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचें, म्हणजे आजच्या धाराशिवचें, नांव होतें. त्या सूडांत पुष्कळ निरपराध मुसलमान मारले गेले. हें लिहितांना आम्हांस आनंद होत नाहीं. पण आपल्याच जिल्ह्याची गोष्ट आपण लपवूं नये. न्यायासन मांडावयाचें तें अशाच वेळीं, कारण अशा वेळीं प्रत्येकाला निकाल आधींच ठाऊक असतो.

तुळजापुराच्या पूर्वेस कल्याणी आहे. आज त्यास बसवकल्याण म्हणतात. चालुक्य विक्रमादित्याच्या काळीं तेथें विज्ञानेश्वरानें याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. याज्ञवल्क्यांनीं व्यवहार, म्हणजे न्यायाचें कामकाज, चतुष्पाद मानलें आहे. पहिला पाद वादीचें म्हणणें, दुसरा प्रतिवादीचें उत्तर, तिसरा पुरावा आणि चौथा निर्णय. वादीची तक्रार प्रतिवादीच्या समक्ष लिहून घ्यावी, असा त्यांचा दंडक आहे. दुसऱ्याच्या माघारीं लिहिलेल्या तक्रारीस उत्तर तरी कसें द्यावयाचें? हा दुसरा पाद लंगडा झाला, तर चौथा कितीही भक्कम दिसो, त्यावर भार टाकतां येत नाहीं.

आतां हैदराबादेकडे वळूं. लष्करी राजवटीनें खास न्यायमंडळें व खास न्यायाधीश नेमले. कामें लवकर उरकावीं म्हणून साक्षी शब्दशः न लिहितां त्यांचा सारांश टिपण्याची मुभा ठेवली. रझाकारांचा पुढारी कासीम रझवी हा लातूरचा वकील, आणि लातूर तेव्हां उस्मानाबाद जिल्ह्यांतच होतें. बीबीनगरच्या दरोड्याच्या खटल्यांत त्यास सात वर्षांची शिक्षा झाली. १९५३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती बहुमतानें कायम केली, आणि १९५७ मध्यें सुटल्यावर तो पाकिस्तानांत गेला.

आम्हांस अधिक विचार करण्याजोगा वाटतो तो दुसरा खटला. वरंगळचा सुभेदार हबीब महंमद याच्यावर आरोप असा होता, कीं डिसेंबर १९४७ मध्यें गुर्तूर गांवीं पोलीस व रझाकार यांच्यासह जाऊन त्यानें गोळीबाराचा आणि घरें जाळण्याचा हुकूम दिला. गांव जळालें, माणसें मेलीं. खास न्यायाधीशानें त्यास फांशीची शिक्षा दिली. उच्च न्यायालयांत दोघां न्यायमूर्तींचें एकमत होईना. तिसऱ्यानें शिक्षेच्या बाजूनें कौल दिला. पुढें ऑक्टोबर १९५३ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें आरोपीस निर्दोष सोडलें. न्यायमूर्ती मेहरचंद महाजन यांनीं बोट ठेवलें तें एका रिकाम्या जागेवर. बियाबानी नांवाचा वरिष्ठ पोलीस अधिकारी त्या दिवशीं घटनास्थळीं हजर होता. तो हयात होता. हुकूम कोणीं दिला हें त्याच्याइतकें कोण सांगूं शकलें असतें? तरी सरकारपक्षानें त्यास साक्षीस उभें केलेंच नाहीं, आणि त्यामुळें आरोपीच्या बचावास मोठा बाध आला.

येथें वाचक विचारतील, गुर्तूरांत ज्यांचीं माणसें गेलीं त्यांस काय वाटलें असेल? प्रश्न रास्त आहे. परंतु त्यांचा राग न्यायालयावर जावयास नको. जो साक्षीदार पुढें आणला नाहीं, त्याच्या न येण्यानें आरोपीचें जेवढें नुकसान झालें, तेवढेंच त्या घरांचें झालें. हुकूम खरोखर कोणाचा होता हें त्यांसही नीट कळलें नाहीं. अर्ध्या चौकशीनें अपराध्यास धाक बसत नाहीं, आणि दुखावलेल्यांस समाधानही मिळत नाहीं.

ही चूक आपल्याच देशांत झाली असें मात्र नाहीं. अमेरिकेनें ग्वांटानामो येथें डांबलेल्या कैद्यांसाठीं २००४ सालीं तिघा लष्करी अधिकाऱ्यांचीं फेरतपासणी मंडळें नेमलीं. कैद्यास तेथें वकील मिळत नसे, व गुप्त पुरावा दाखवीत नसत. २००४-०५ मध्यें ५५८ जणांचीं प्रकरणें तपासलीं गेलीं. त्यांत ३८ जणच शत्रुपक्षाचे सैनिक नव्हत असें ठरलें. बॉस्नियांतून आणलेल्या मुस्तफा ऐत इदिर याच्यावर अल्-कायदाच्या एका माणसाशीं संबंध ठेवल्याचा आरोप होता. त्यानें साधी विचारणा केली, कीं त्या माणसाचें नांव काय? मंडळाच्या अध्यक्षांस तें ठाऊक नव्हतें. नांव सांगाल तर ओळख होती कीं नव्हती हें सांगतां येईल, असें तो म्हणाला. पण नांव कोणीं सांगितलें नाहीं. जून २००८ मध्यें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें ही तपासणी अपुरी ठरवून कैद्यांस दिवाणी न्यायालयाचें दार उघडलें. नोव्हेंबरमध्यें न्यायाधीशानें त्याच्या सुटकेचा हुकूम दिला आणि डिसेंबरांत तो बॉस्नियास परतला. तोंवर त्याच्या आयुष्याचीं जवळजवळ सात वर्षें गेलीं होतीं.

एकत्र कुटुंबांतील आमच्या वाचकांस हें सारें फार लांबचें वाटावयास नको. माजघरांतली चांदीची वाटी सांपडत नाहीं, आणि संध्याकाळच्या आंत घरांत एक नांव फिरूं लागतें. बहुधा कामाच्या बाईचें, किंवा आश्रयास राहिलेल्या एखाद्या गरीब नातलगाचें. त्यास समोर बसवून, कोणीं काय पाहिलें हें त्याच्या देखत विचारणारें एक वडील माणूस घरांत असलें, तर त्या घराची अब्रू राहते. तसें माणूस नसलें, तर वाटी पुढें फडताळामागें सांपडते, पण गेलेलें माणूस परत येत नाहीं.