मिग-२१चं किट घ्यायचंय? पण कुठलं मिग-२१?

(या भागाचं लिखित रूप. बोलतानाचे 'अं' आणि 'म्हणजे' शक्य तितके काढलेत, बाकी तसंच ठेवलंय. प्रवासात ऐकताना आकडे निसटले असतील तर इथे बघून घ्या.)

२६ सप्टेंबर २०२५ला चंदिगडमध्ये मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झालं. त्यानंतर मॉडेल किटबद्दलचे बरेच प्रश्न आले, त्यातला एक व्हॉइस मेसेज आजच्या भागासाठी निवडलाय. एका श्रोतीचा. ती ओझरची. आजोबा एचएएलमध्ये फिटर होते, १९७४ला लागले. आता त्यांची पंच्याहत्तरी आहे आणि तिला स्वतः जोडून, रंगवून मिग-२१चं मॉडेल त्यांना द्यायचंय. ऑनलाइन तीन डबे दिसतायत, तिन्हींवर मिग-२१ लिहिलंय, किमतीत प्रचंड फरक. "कुठला घेऊ? आणि आजोबांना चूक लगेच दिसेल हं!"

तिचं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. बाकी कुणाला कपाटावर चांदीच्या रंगाचं टोकदार विमान दिसेल. ज्या माणसाने ते खऱ्या मापात जोडलंय, त्याला पहिल्या नजरेत कळेल की हे आपलं नाही.

मिग-२१ हे एकाच विमानाचं नाव नाही, ते एक खानदान आहे. भारतात १९६३ला जी पहिली सहा विमानं आली ती एफ-१३ जातीची होती. एचएएलचा नाशिक विभाग १९६४ला ओझरला सुरू झाला. (इंजिनं तिकडे ओडिशात, कोरापुटला बनायची.) नाशिकला एफ-१३ कधी बनलंच नाही. तिथे आधी एफएल बनलं, मग सत्तरच्या दशकात एम, आणि त्यानंतर बिस, १९८७पर्यंत. आपल्याकडे यांना टाइप नंबरनेही ओळखायचे: एफएल म्हणजे टाइप ७७, एम म्हणजे टाइप ९६, बिस म्हणजे टाइप ७५. घरी सरप्राइज फोडायचं नसेल तर गप्पा मारता मारता एवढंच विचारा, "आजोबा, तुम्ही शहाण्णववर होतात की पंच्याहत्तरवर?" तारखेवरून मी म्हणेन सुरुवात एमवर झाली असणार. पण शॉप फ्लोअरवरचा माणूस स्वतः सांगेल ते खरं.

आता डबा उघडायच्या आधी ओळखायचं कसं? सुरुवात नाकापासून करा. मिगच्या नाकाच्या तोंडातून हवा आत जाते आणि मधोमध एक शंकू असतो. एफ-१३चं तोंड लहान, शंकू बारीक, आणि पुढे आलेली लांब दांडी, म्हणजे पिटो, नाकाच्या खालच्या बाजूला. एफएलपासून तोंड मोठं झालं, शंकू जाड झाला आणि दांडी वर गेली. एम आणि बिसमध्ये ती वरच आहे, पण मधोमध नाही, उजवीकडे सरकलेली. फोटो समोर धरा, पाच सेकंदांत कळतं.

मग कॅनोपी. एफ-१३ आणि एफएलमध्ये पुढची काच आणि वरचं झाकण एकसंध असतं आणि ते सगळं पुढच्या बाजूला उघडतं. एम आणि बिसमध्ये पुढची काच जागेवर राहते, झाकण उजवीकडे उघडतं. त्यामुळे कॉकपिट उघडं दाखवायचं असेल तर इथली चूक झाकता येत नाही.

आणि पाठ. कॉकपिटच्या मागून शेपटीपर्यंत जाणारा उंचवटा एफ-१३वर बारीक, एमवर जाड आणि बिसवर सगळ्यात फुगीर. बाजूने बघितलं की बिस कुबड आल्यासारखं वाटतं. मला विचाराल तर एम सगळ्यात देखणं, पण हा वादाचा विषय आहे.

पंखांखालीही बघा. एफएलला दोन पायलॉन, एम आणि बिसला चार. एफएलच्या अंगात तोफ नव्हती. गरज पडली तर पोटाखाली गन पॉड लावायचे. एममध्ये २३ मिमीची दोन नळ्यांची तोफ पोटातच बसवली.

म्हणजे ओझरच्या आजोबांसाठी एफ-१३चा डबा कितीही स्वस्त मिळाला तरी बाद. बाजारात 'एम' असं लिहिलेला डबा शोधत बसू नका, 'एमएफ' शोधा. एम आणि एमएफमधला मोठा फरक इंजिनात आहे, बाहेरून ते जवळजवळ सारखे दिसतात. चेक कंपनी एदुआर्दने १/४८ मापात मिग-२१ची मालिका २०११पासून काढली, आणि १/७२ मध्ये एमएफ २०१८ला आलं. आकाराच्या बाबतीत या किटवर डोळे मिटून विश्वास ठेवता येतो. बिस हवं असेल तर रशियाच्या झ्वेझ्दाचं १/७२ किट आहे, त्यापेक्षा साधं.

माप कुठलं घ्यायचं, हा प्रश्न नेहमी येतो. १/७२ आणि १/४८ हे विचित्र आकडे फूट-इंचातून आलेत. १/७२ म्हणजे मॉडेलचा एक इंच बरोबर खऱ्या विमानाचे सहा फूट. १/४८ म्हणजे एक इंच बरोबर चार फूट. मिगचे पंख टोकापासून टोकापर्यंत जेमतेम ७.१५ मीटर, त्यामुळे १/७२ मध्ये ते साधारण १० सेंमी भरतात, १/४८ मध्ये १५. पुढची दांडी धरून लांबी १/७२ला सुमारे २२ सेंमी, १/४८ला ३३. ट्रम्पीटरचं १/३२ किटही आहे, ते जवळपास अर्धा मीटर होतं. वन बीएचकेमध्ये ते ठेवणार कुठे, हे आधी ठरवा! तुलनेसाठी सांगतो, ओझरलाच बनलेलं सुखोई-३० तुम्ही १/७२ मध्ये घेतलंत तरी ३० सेंमीचं होतं. म्हणून मोठ्या विमानाला लहान माप आणि मिग किंवा तेजससारख्या लहान विमानाला १/४८, असा माझा साधा हिशोब.

पण पहिलंच किट असेल तर थांबा. एदुआर्दचे भाग बारीक आणि भरपूर असतात. काही डब्यांत पितळेच्या पातळ पत्र्याचे तुकडेही येतात, ते वाकवून फेविक्विकसारख्या गोंदाने चिकटवायचे. डब्यावर 'वीकएंड' लिहिलं असेल तर सहसा हा पत्रा नसतो आणि किंमतही कमी असते. पहिल्यांदा करताय तर तोच घ्या. खरं तर आधी एखादं दुसरं स्वस्त किट बिघडवून घ्या. हात बसतो.

दुसरं, डब्यावरच्या चित्राला भुलू नका. प्लॅस्टिकचा साचा बनवणं महाग काम असतं, त्यामुळे एकच साचा वर्षानुवर्षं वेगवेगळ्या डब्यांत, कधी वेगळ्या कंपनीच्या नावानेही विकला जातो. चित्र ताजं, आतलं प्लॅस्टिक चाळीस वर्षांपूर्वीचं. स्केलमेट्स नावाच्या साइटवर किटचा नंबर टाकला की त्या साच्याची वंशावळ दिसते. 'न्यू टूल' लिहिलेलं वर्ष बघा, 'न्यू बॉक्स' म्हणजे फक्त पुठ्ठा नवा. जुन्या साच्याची एक खूण म्हणजे पत्र्यांच्या जोडरेषा अंगावर उठून आलेल्या असतात. नव्या साच्यात त्या आत कोरलेल्या असतात. उठलेल्या रेषा सांधा घासताना पुसल्या जातात आणि परत काढणं हे नवशिक्याचं काम नव्हे.

आता रंग, कारण किट निवडताना तोही ठरवावा लागतो. सुरुवातीची भारतीय मिग नुसत्या चकचकीत धातूची होती, १९७१च्या युद्धात काहींवर हिरव्या-तपकिरी रंगाचे पट्टे आले, पुढे राखाडी. धातूचा रंग दिसायला भारी, पण खाली एक केसाएवढा ओरखडा राहिला तरी तो चमकून दिसतो. ब्रशने रंगवणार असाल तर हिरवा-तपकिरी किंवा राखाडी घ्या, चुका पोटात घालतो. आणि पुण्या-मुंबईत जुलैमध्ये लॅकर स्प्रे मारू नका. हवेतल्या ओलाव्याने वर पांढुरकी धूसर साय धरते. ॲक्रिलिक वापरा किंवा कोरड्या दिवसाची वाट बघा. लॅकर, थिनर काहीही असलं तरी खिडकी उघडी हवीच.

भारतीय चिन्हं बहुतेक डब्यांत नसतात. काहींत असतात, म्हणून खरेदीआधी डीकलच्या शीटचा फोटो मागा. आपल्या गोल चिन्हात बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा. छपाई सरकली असेल तर पांढरी रिंग एका बाजूला जाड दिसते. तसं दिसलं तर वेगळी शीट मागवावी लागते. वापरलेलं किट घेत असाल तर शीट पिवळी पडलीय का ते बघा आणि विकणाऱ्याला विचारा की सगळ्या फ्रेम्स आहेत का, काच तडकलीय का. प्लॅस्टिक चिकटवता येतं. तडकलेली कॅनोपी मात्र कायम तडकलेलीच दिसते.

पुढच्या आठवड्यात सांधे भरणं आणि पुट्टी. तोवर कुणाकडे टाइप ९६चे ओझरमधले जुने फोटो घरी पडून असतील तर पाठवा. विमानाचा नंबर वाचता येत असेल तर फारच उत्तम, कारण डीकल लावताना नेमका तोच लागतो.